कुठलं गवत?

सिद्राम हावळ आपला सीपीयू साखरेच्या पोत्यात घालून आला. पोतं सायकलच्या कॅरियरला जुन्या ट्यूबनं आवळलेलं. मंगल कार्यालयाच्या दारातल्या वॉचमननं ते बघितलं आणि काठी आडवी धरली.

"आचाऱ्याचं सामान मागल्या दारानं."

"आचाऱ्याचं न्हवं, मामा!" सिद्राम ओरडला. "स्पर्धेचं हाय! काँप्युटर हाय ह्यात!"

मी पायरीवर चहा घेत उभा होतो. एवढा हसलो की अर्धा चहा बुटावर सांडला.

माझा सीपीयू तासाभरापूर्वीच आत जाऊन बसला होता. बाबांच्या गाडीतनं आलेला, मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे, आणि पुण्याहून मागवलेलं ग्राफिक्स कार्ड, त्या वेळी आमच्या इचलकरंजीत दुसऱ्या कुणाकडं नसलेलं. मशीन नुसती चालू केली तरी पोरं भोवती गोळा व्हायची. मला ते आवडायचं. आवडायचं कसलं, त्याच्यावरच मी जगत होतो. नाहीतर दोनदा नापास झालेल्या इंजिनिअरला कोण विचारतंय?

सिद्राम माझ्या वर्गातला, दहावीपर्यंत. दहावीनंतर तो यंत्रमागावर गेला आणि मी कॉलेजात. त्याचे वडील नव्हते, आई सुताच्या कांड्या भरायची आणि हा बारा तास माग चालवायचा. मागाच्या खडखडाटात वाढलेली माणसं मोठ्यानं बोलतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही, पण शेडच्या बाहेर ऐकणाऱ्याला वाटतं, हा भांडायलाच आलाय. सिद्रामचं 'बरं हाय न्हवं?' सुद्धा दोन गल्ल्या ऐकायच्या.

स्पर्धा म्हणजे सरळ मामला. पुण्यात एक गेमिंगची टीम उभी राहत होती आणि त्यांना आमच्या गावातनं एकच खेळाडू पाहिजे होता. राहणं-खाणं त्यांचं, वर पगार, करार वर्षाचा. पुण्याची माणसं येणार नव्हती. परीक्षक जे नाव कळवतील ते त्यांना चालणार होतं.

मला ती जागा मिरवायला हवी होती. सिद्रामला ती कशाला हवी होती, तेही मला ठाऊक होतं, कारण पोतं सोडता सोडता त्यानंच सांगितलं. "पारस, तिथं लागलो की माग बंद! आईला सांगूनच आलोय, हितनं पुढं माग बंद!"

"असं होय," मी म्हणालो.

पोत्यातनं जे निघालं ते बघून माझे मित्र भिंतीला टेकून हसायला लागले. डब्याला एका बाजूचा पत्राच नव्हता. आत सगळीकडं सुताची पिसं चिकटलेली. सिद्राम रंगाच्या ब्रशनं ती झाडत होता. मग पिशवीतनं टेबलफॅन काढला आणि उघड्या बाजूला तोंड करून ठेवला.

"हे काय?" मी विचारलं.

"तापतंय लेकाचं. वारं लागतंय."

"आणि सेटिंग काय ठेवतोस?"

त्यानं गेमचं सेटिंगचं पान उघडून दाखवलं. सावल्या बंद. पाणी लो. झाडं लो. लांबचं दिसणं लो. पडद्यावरचं चित्र एवढं ढोबळ केलेलं की अक्षरंसुद्धा फुटत होती. वरपासून खालपर्यंत नुसतं लो, लो, लो.

"सगळंच लो?" मी म्हणालो.

"त्याच्याखाली आणि काय असतं तर तेबी केलं असतं," सिद्राम म्हणाला आणि स्वतःच हसला.

माझ्याकडं सगळं वरच्या टोकाला होतं, अल्ट्रा. आयुष्यात मी दुसरं काही लावलंच नव्हतं. लावायचं कशाला? गाडी घ्यायची आणि ढकलत न्यायची? पडद्यावर एका सेकंदात जितकी जास्त चित्रं बदलतात तितका खेळ लोण्यासारखा चालतो. माझी एकशे चाळीस बदलायची, त्याची रडतखडत तीस. मी मित्रांना म्हणालो, "ह्याला हरवून पण काय मिळणार? लंगड्याबरोबर पळायची शर्यत ही."

परीक्षक होते उपाध्ये सर. पूर्वी टायपिंगचा क्लास, मग त्याच खोलीत कॉम्प्युटरचा क्लास. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ते फार छान काढायचे. त्यापलीकडं सरांना काही येत असल्याचं कुणी बघितलं नव्हतं. पण वासरात लंगडी गाय शहाणी. कालच्या लग्नातला नवरा-नवरीचा लाल सोफा स्टेजवर तसाच होता, त्यावर सर एकटेच ऐसपैस बसले होते.

दुपारी तीनपर्यंत बाकीची पोरं गळाली आणि उरलो मी आणि सिद्राम. तो उरला कसा, हे मला तेव्हाच खटकलं होतं. गवताला भाले फुटलेत म्हणायचे, असं मी सरांच्या कानात म्हणालो. सर हसले.

अंतिम सामन्याला स्टेजवर मोठा पडदा लावला. नियमानं दोघांचाही खेळ त्यावर दिसायला पाहिजे होता. पण सिद्रामची वायर लावली तशी त्याची मशीन बंदच पडली. दोन-दोन पडदे तिला झेपेनात.

"राहू दे," सर म्हणाले. "पारसचंच लावा. बघायला तरी बरं."

खरंच बरं होतं. अडीचशे माणसं बघत बसली. डोंगराच्या उतारावर पिवळं गवत, छातीएवढं, वाऱ्यानं पातं न पातं हलतंय. पहिल्या रांगेतल्या कुणाची तरी आत्या म्हणाली, "अगंबाई, हे खरं शूटिंग आहे की काय!" मी कॉलर ताठ केली.

तीन डाव होते. दोघं त्या डोंगरावर दोन टोकांना उतरायचं, एकमेकाला हुडकायचं आणि मारायचं. दोन डाव मारले तो जिंकला.

पहिल्या डावात मी गवतात पालथा पडलो आणि बोटसुद्धा हलवलं नाही. दोन मिनिटं झाली. मग तो आला. सरळ माझ्याकडंच आला. वीस पावलांवर थांबला, तोंड माझ्याकडं, बंदूक माझ्याकडं. तो तसाच थोडा वेळ थांबला, आणि मग वळून चालायला लागला. आंधळा! मी हेडफोनमध्येच खुदकन हसलो, उठलो आणि त्याच्या पाठीत गोळी घातली. कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"दिसलं नाही व्हय रे?" माझा एक मित्र त्याला चिडवत म्हणाला. सिद्राम काहीतरी बोलला, पण टाळ्यांत ते बुडालं.

दुसऱ्या डावात मी गवतातनंच सरपटत त्याच्या बाजूला निघालो. उभासुद्धा राहिलो नाही. पडद्यावर सगळ्यांना फक्त गवत दिसत होतं. आणि दीडशे पावलांवरनं एक गोळी आली ती माझ्या डोक्यात.

"नशीब," मी म्हणालो.

तिसऱ्या डावात मी दुसऱ्या बाजूनं गेलो, आणखी दाट गवतातनं, आणखी हळू. पुन्हा लांबनं एकच गोळी आली आणि पुन्हा डोक्यातच लागली.

सिद्राम खुर्चीवरनं उठला आणि दोन्ही हात वर करून त्याच्या त्या मागाच्या आवाजात ओरडला, "आयेऽऽ!" त्याची आई मागं दारापाशी उभी होती, अंगावर कामावरचीच साडी. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण पोरगं हात वर करतंय म्हणजे चांगलंच असणार, म्हणून ती पदर तोंडाला लावून हसत होती.

मी हेडफोन काढून आपटला.

"हॅक!" मी ओरडलो. "सर, ह्यानं हॅक टाकलाय! गवतातलं माणूस दिसतं कसं ह्याला? एवढ्या लांबनं? त्या डबड्यावर?"

नाचता येईना अंगण वाकडं. पण तेव्हा मला तसं वाटत नव्हतं, हे मात्र खरं. माझी पक्की खात्री होती. आणि खात्री असलेला मूर्ख फार मोठ्यानं ओरडतो.

अडीचशे माणसांनी आपल्या डोळ्यांनी गवत बघितलं होतं. लगेच कुजबूज सुरू झाली. सरांनी सिद्रामला स्टेजवर बोलावलं. तो सोफ्यासमोर उभा राहिला.

"गवतात पडलेला माणूस तुला दिसला कसा?" सरांनी विचारलं.

"कुठलं गवत?" सिद्राम म्हणाला.

"कुठलं म्हणजे? गवत! गवत!"

"कुठलं गवत, सर? रान मोकळंच हाय की!"

सगळं कार्यालय हसलं. मीही हसलो. आणि त्याचा आवाज तो असला! नेहमीसारखंच बोलला तो, पण सोफ्यावर बसलेल्या माणसाला वाटलं, पोरगं आपल्या तोंडावर ओरडतंय आणि चारचौघांत आपली थट्टा करतंय. सरांचे कान लाल झाले.

"चोराच्या उलट्या बोंबा," सर म्हणाले. "तपासा रे ह्याची मशीन."

माझ्याच एका मित्रानं तपासली. अर्धा तास उलटीपालटी केली. काही सापडलं नाही.

"सापडत नाही म्हणजे बघा, किती सराईत आहे," सर म्हणाले. हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. असल्या अकलेला तोड नाही. आणि त्या वेळी मान हलवणाऱ्यांत सगळ्यात पुढं मी होतो.

"सर, गेम लावून बघा की!" सिद्राम म्हणाला. "या की, माझ्या मशीनवर बघा. मी काय बघालोय ते बघा!"

"तुझ्या मशीनवर तू दाखवशील तेच दिसणार. मला शिकवतोस?"

मग सिद्राम माझ्याकडं वळला. "पारस, तू तरी सांग की. पहिल्या डावाला मी तुला..."

"गप बस!" मी म्हणालो. "मागावर जा. तिथं चालव तुझी हातचलाखी."

इतका वेळ ओरडणारं ते पोरगं एकदम गप्प झालं. पोतं उचललं, टेबलफॅन पिशवीत घातला. दारापाशी आईनं त्याला काहीतरी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. पुढं गावात बरेच दिवस त्याला 'हॅकर' म्हणायचे, आणि ते कौतुकानं नाही. शेडचा मालक सूत त्याच्यासमोर दोनदा मोजून घ्यायला लागला, असं मी ऐकलं. ऐकून मी म्हणालो, बरोबर आहे.

पुण्याला मी गेलो.

तिसऱ्या महिन्यात माझं ते अल्ट्रा कार्ड जळालं. नवीन यायला आठवडा लागणार होता. आमची कॅप्टन ऋता देवरुखकर, काडीसारखी बारीक आणि तोंडानं तिखट.

"कार्डाशिवाय चालव," ती म्हणाली. "सगळं लो कर आणि सरावाला बस."

"लो? मी?"

"नाही तर बघत बस."

नाक मुरडत मी वरपासून खालपर्यंत सगळं लो केलं आणि गेम लावली. तोच डोंगर, तोच उतार, पण गवत नव्हतं. पायाजवळ चार काड्या, त्याच्यापुढं नुसती तपकिरी जमीन, न्हाव्यानं चकोट केल्यासारखी. आणि त्या जमिनीवर, दीडशे पावलांवर, आमच्याच टीमचा एकजण पालथा पडून सरपटत होता. त्याला वाटत होतं आपण लपलोय. गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरीसारखा उघडा दिसत होता.

"ऋता," मी म्हणालो, "गवत कुठं गेलं?"

"लोवर लांबचं गवत दाखवतच नाही गेम. मशीनला जड जातं म्हणून. तुला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "निम्मे खेळाडू मुद्दाम लोवर खेळतात, पारस. हे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं."

मला माहीत नव्हतं. मी जन्मात लो लावलं नव्हतं. आणि सिद्रामनं जन्मात गवत बघितलं नव्हतं. दोन वर्षं त्या डोंगरावर खेळून त्याला तिथं गवत असतं हेच ठाऊक नव्हतं. 'कुठलं गवत?' हा त्याचा खराखुरा प्रश्न होता, आणि त्यावर आम्ही अडीचशे माणसं हसलो होतो.

मी काय केलं? काही केलं नाही. एक फोन करायचा होता. सरांना, नाही तर ऋतालाच, तिथल्या तिथं. पण फोन केला असता तर खुर्ची सोडायला लागली असती, आणि ती माझ्या बुडाला चिकटली होती. आठवड्यानं नवीन कार्ड आलं. मी पुन्हा सगळं अल्ट्रा केलं. गवत परत आलं, आणि मी त्यात लपलो. अजाणता केलेल्या चुकीला लोक माफ करतात, पण त्या आठवड्यानंतर माझं काही अजाणता राहिलं नव्हतं. लाज नावाची चीज तेव्हा माझ्यापाशी नव्हती.

वर्ष भरलं आणि टीम मोडली. मी परत येऊन बाबांच्या सायझिंगवर, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, बसलो. सिद्राम गावातच होता. लांबनं दिसला की मी गल्ली बदलायचो. अशी सहा वर्षं काढली.

मागच्या वर्षी आमच्या सायझिंगचं सूत एका शेडला पोचवायचं होतं. माणूस आला नव्हता म्हणून मीच गेलो. दुपारची जेवणाची सुट्टी, माग बंद. चार नंबरच्या मागापाशी सिद्राम डबा धूत होता. केस थोडे पांढरे झालेले. आता गल्ली बदलायला जागा नव्हती.

"पारस!" तो ओरडला. "लई दिवसानं रे!"

गाडीत लॅपटॉप होता. मी तो आणला, सुताच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि ती जुनी गेम लावली. अल्ट्रा. तोच डोंगर. तोंडानं काही सांगायचा धीर नव्हता, म्हणून नुसतंच दाखवलं.

सिद्राम हात पुसत वाकला. गवत हलत होतं.

"लई झकास हाय की," तो म्हणाला. मग त्याचा हात थांबला. "हे... हे असं होतं तुझ्याकडं?"

"हो."

"म्हणजे तू लपला होतास?"

"हो."

"आयला," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "मला वाटलं, तुझी मशीन हँग झाली. पहिल्या डावाला. मोकळ्या रानात पालथा पडलेला, हलत न्हाई, डुलत न्हाई. माझी अशीच अडकायची, मला ठावं हाय ते. म्हटलं, अडकलेल्याला काय मारायचं? चालू हू दे त्याचं, मग बघू. म्हणून गेलो पुढं."

माझी मशीन आयुष्यात कधी हँग झाली नव्हती. त्याच्या डोक्यात ते आलं, कारण त्याची रोज व्हायची. बंदूक रोखून तो थांबला होता तो माझ्यासाठी. आणि मी उठून त्याच्या पाठीत गोळी घातली होती, आणि वर त्यालाच चोर ठरवलं होतं.

भोंगा झाला. माणसं उठली. एकेक करून माग सुरू झाले आणि शेडभर खडखडाट झाला.

"सिद्राम, माझं चुकलं," मी म्हणालो.

"काय?" त्यानं कानाला हात लावला.

"चुकलं माझं!"

"मोठ्यानं बोल! हितं हळू बोललेलं ऐकू येत न्हाई!"

मी छाती भरून श्वास घेतला. त्या दिवशी कार्यालयात जेवढ्या मोठ्यानं 'हॅक' म्हणून ओरडलो होतो, तेवढ्या मोठ्यानं ओरडलो. "तू चोर नव्हतास! मला पुण्यात तिसऱ्या महिन्यातच कळलं होतं! मी कुणाला सांगितलं नाही!"

चारी बाजूचे मागवाले वळून बघायला लागले. सिद्राम माझ्याकडं बघत होता. हसला नाही, चिडला नाही. मोकळ्या रानात पालथ्या पडलेल्या माणसाकडं बघावं तसा बघत राहिला.

"ऐकलं," तो म्हणाला. "आता बाजूला हो. धागा तुटलाय."